आधी बऱ्या व्हा, वन्सं

४ फेब्रुवारी

आज भाच्याचा फोन आला. नऊ वर्षांत पहिला. बिचाऱ्यानं आधी इकडचं तिकडचं विचारलं, मग मुद्द्यावर आला. वन्संची, म्हणजे त्याच्या आईची, तब्येत फार बिघडली आहे. शरीराची नाही, मनाची. दोन वर्षं गोळ्या चालू आहेत, डॉक्टर बदलून झाले, पण बाई अंथरूण सोडत नाहीत, दिवसदिवस बोलत नाहीत. आता एका दवाखान्यात केटामिन नावाच्या औषधावर उपचार करायचं ठरलंय. ते मूळचं ऑपरेशनच्या वेळचं भुलीचं औषध. थोड्या मात्रेत देतात, शेजारी थेरपिस्ट बसते, आणि दुसऱ्या दिवशी बोलून बोलून मनातला गाळ काढतात. पण दवाखान्याचा नियम असा, की दर वेळी सोबत घरचं माणूस पाहिजे. पेशंटला घरी न्यायचं, संध्याकाळपर्यंत जवळ बसायचं. भाचा परदेशात. माझ्या थोरल्या दिरांनी 'असली वेड्यांची थेरं आपल्या घराण्यात नकोत' म्हणून हात झटकले. उरलं कोण, तर मी.

विचार करून सांगते म्हटलं. विचार कसला डोंबलाचा. फोन ठेवला आणि मला हसू आवरेना.

का हसले ते लिहून ठेवते, म्हणजे पुढे कधी मन पाघळलं तर वाचता येईल. हे गेले तेव्हा, ऑफिसच्या जिन्यात कोसळून एका क्षणात गेले तेव्हा, वन्सं भरल्या घरात सगळ्यांसमोर उभ्या राहिल्या. म्हणाल्या, "सकाळीच फोन केला होता मला त्यानं. रडत होता. ताई, ही मला जगू देत नाही, म्हणाला." मुख्याध्यापिकेचा आवाज, शेवटच्या बाकापर्यंत पोचणारा. आणि ह्यांचा फोन त्या दिवशी घरी विसरलेला होता, माझ्या ओट्याशेजारी चार्जिंगला. मी तसं सांगितलं. ऐकतंय कोण. त्या दिवसापासून सासरच्या एकाही माणसानं माझा उंबरा ओलांडला नाही. लग्नं झाली, बारशी झाली, मला पत्रिका नाही. नवराही गेला आणि वर नवरा खाल्ल्याचा डागही मलाच.

भुलीचं औषध. म्हणजे माणूस खरं बोलतो. दारूत बोलतो तसं.

संध्याकाळी भाच्याला हो कळवलं. तो रडला. मी फोनमध्ये रेकॉर्डिंग कसं करतात ते शिकून घेतलं.

११ फेब्रुवारी

वन्संना पाहिलं. दार मोलकरणीनं उघडलं. खुर्चीत कोणी म्हातारी बसली होती, मला वाटलं शेजारीण असेल. केस चिकटलेले, गाऊनच्या गुंड्या वर-खाली लावलेल्या. माझ्याकडे बघून "वहिनी" एवढंच म्हणाल्या, तेही पुसट. वरची कवळी हलत होती. इतक्या वाळल्यात की हिरड्यांवर काही टिकत नाही.

मी कवळ्या करते, माझं लक्ष आधी तिकडेच जाणार. कोणा गवंड्यानं केलीय देव जाणे. पुढचे दात सगळे एका उंचीचे, एका रंगाचे, भिंतीला टाइल लावावी तसे.

जी बाई नऊ वर्षं माझ्या स्वप्नात येऊन मला हाकलत होती ती ही नव्हे, असं वाटलं आणि त्याचाच राग आला. निदान धडधाकट तरी राहायचं होतं.

१५ फेब्रुवारी

पहिला डोस. वन्सं उपाशी होत्या, तसं सांगितलेलं असतं. खोली छान आहे, पडदे जाड, मागे रेलणारी खुर्ची, दंडाला रक्तदाबाचा पट्टा. डोळ्यांवर पट्टी, कानात संगीत. थेरपिस्ट तरुण आहे, बारीक आवाजाची, पण नजर ठाम. मला म्हणाली, घरी गेल्यावर त्यांना शांत राहू द्या, काही विचारू नका, कसलाही निर्णय घ्यायला लावू नका. मी मान डोलावली. मान डोलवायला काय जातं.

मग नर्सनं वन्संचा चष्मा आणि कवळी एका डबीत घालून माझ्या हातात दिली. ती डबी मांडीवर घेऊन मी बाहेर बसले. शत्रूचे दात माझ्या हातात. मनात आलं, खिडकीतून भिरकावून द्यावेत. पण आमच्या धंद्यात कोणाचे दात कोणी फेकत नाही.

तासाभरानं त्यांना बाहेर आणलं. पाय कापसावर टाकल्यासारखे पडत होते. गाडीत मागे बसवलं, पट्टा लावला. सिग्नलला फोन चालू करून मांडीवर ठेवला आणि विचारलं, त्या दिवशी ह्यांचा फोन आला होता का तुम्हाला?

"नाही," म्हणाल्या.

इतकं सोपं. मी गाडी बाजूला घेतली. पुन्हा विचारलं. पुन्हा म्हणाल्या, नाही.

नऊ वर्षं, आणि मला एक सिग्नल पुरला.

१६ फेब्रुवारी

सकाळी चहा घेऊन बसले आणि ऐकलं. आधी गाडीचा आवाज. मग मी विचारतेय, थंडी वाजते का, तर नाही. पाणी हवं का, नाही. पट्टा रुततोय का, नाही. फोन आला होता का, नाही. पुढे मीच विचारलेलं, घर ओळखता का, तर तेही नाही. तोंडात दात नाहीत, शब्द सगळा लापशी.

हे घराण्यासमोर वाजवलं तर थोरले भाऊजी काय म्हणतील ते मला आत्ता ऐकू येतंय. भूल दिलेल्या बाईकडून वदवून घेतलं. आणि पुन्हा मीच वाईट.

दुपारी दवाखान्यात बोलायच्या बैठकीला नेलं. थेरपिस्टला सहज विचारल्यासारखं विचारलं, औषधाच्या अमलाखाली माणूस खरंच बोलतो ना? म्हणाली, छे, तसं काही नसतं. तेव्हा माणूस जे बोलतो ती साक्ष नव्हे. काही वेळा आठवण असते, काही वेळा भास, काही वेळा नुसता होकार-नकार. खरं काम शुद्धीवर असताना होतं. मग तिनं माझ्याकडे जरा जास्तच वेळ पाहिलं. पोरगी हुशार आहे.

हात दाखवून अवलक्षण झालं माझं.

१९ फेब्रुवारी

उपाय सापडला. मला वन्सं ठणठणीत पाहिजेत. पूर्ण शुद्धीवर, ताठ बसलेल्या, साडी नेसलेल्या, आवाज शेवटच्या बाकापर्यंत पोचणारा. ज्या तोंडानं बोलल्या त्याच तोंडानं, त्याच माणसांसमोर सांगायला लावीन. आजारी माणसाचा सूड घेण्यात काय राम. बकरा कापायचा तर पोसावा लागतो.

भाच्याला कळवलं, सगळे डोस मीच करीन, तू काळजी करू नकोस. त्यानं हात जोडल्याची चित्रं पाठवली, सात-आठ.

२३ फेब्रुवारी

दुसरा डोस. उलटी झाली. नर्स येईपर्यंत भांडं मी धरलं. घरी नेऊन तोंड धुतलं, कपाळ पुसलं. केसांचा वास सहन होईना म्हणून न्हाऊ घातलं. त्यांनी डोळे मिटून मान मागे टाकली होती, लहान मूल टाकतं तशी. मनात एकदा आलं, आत्ता पाणी कढत ओतलं तर. लिहायला लाज कशाची, आलं मनात. मग कोपर बुडवून पाणी पाहिलं आणि ओतलं.

पेज केली. चार चमचे गेले. पोसणं चालू आहे.

६ मार्च

तिसरा झाला. काही फरक नाही. डॉक्टर म्हणाले, सगळ्यांनाच लागू पडतं असं नाही, अजून दोन-तीन बघू, नाही तर दुसरा मार्ग काढू. मी त्यांच्यावर डाफरले. नाही लागू पडत म्हणजे काय, लागू पाडा. डॉक्टर म्हणाले, तुमचा फार जीव आहे त्यांच्यावर.

डोळ्यांचे डॉक्टर गाठायला सांगणार होते त्यांना.

पण घरी येऊन सुचेना काही. बाई अशाच राहिल्या तर? अशाच गेल्या तर? मग त्या सकाळी ह्यांनी फोन केला होता, हेच कायमचं खरं राहणार. मेल्या माणसाशी कोण भांडणार. नाही. तिला मरायची परवानगी मी दिलेली नाही.

रागातसुद्धा लिहिताना 'तिला' एकदाच निघालं, बाकी सगळं अहो-जाहो. सासरचं वळण हाडात मुरतं.

१४ मार्च

परवा चौथा डोस झाला. आज मोलकरणीचा फोन आला, बाईंनी स्वतः खिडकी उघडली. नुसती खिडकी. पण मी हातातलं काम ठेवून दोनदा विचारलं, स्वतः? स्वतः.

१७ मार्च

गेले तर वन्सं वर्तमानपत्र वाचत होत्या. मला म्हणाल्या, पदर नीट घे, खांद्यावरून ओघळतोय. नऊ वर्षांतलं पहिलं टोचून बोलणं. मला इतका आनंद झाला की काय सांगू. माझी वन्सं परत येतेय. आता खरी मजा.

एकच अडचण. कवळी अजून टकटक वाजते, श आणि स कळत नाही. बोळक्या तोंडानं कबुली दिली तर कोणाला कळणार? कोणी म्हणेल 'केला होता' म्हणाली, कोणी म्हणेल 'केला नव्हता'. ते चालणार नाही. मी नवी करणार.

२२ मार्च

माझी लॅब ज्यांच्या दवाखान्यामागे आहे त्या दातांच्या डॉक्टरांनी मापं घेतली. म्हणाले, घरचंच काम आहे, चाव्याचं मेण तुम्हीच धरा.

ही गोष्ट कोणाला सांगायची नाही, म्हणून इथे सविस्तर.

वन्संना खुर्चीत बसवलं. वर-खाली मेण लावलेले साचे तोंडात घातले. सांगितलं, तोंड मिटा, मागच्या दातांवर चावल्यासारखं करा, मी सांगेपर्यंत हलायचं नाही, बोलायचं तर मुळीच नाही. त्या बसल्या, हात मांडीवर. आणि माझ्या लक्षात आलं की आता ही बाई बोलू शकत नाही. पूर्ण शुद्धीवर आहे, ऐकतेय, आणि बोलू शकत नाही.

मी हनुवटीला बोट लावून उभी राहिले आणि सुरू केलं. म्हटलं, तुम्ही खोटं बोललात. ह्यांचा फोन माझ्या ओट्यावर होता. म्हटलं, त्या दिवसानंतर वाळीत टाकल्यासारखी मी एकटी घरात, कोणी पाणी विचारायला आलं नाही. ह्यांच्या वर्षश्राद्धाचा दिवस मी लॅबमध्ये काढला, प्लास्टर ओतत, कारण घरी भिंती खायला उठायच्या. भाऊजींच्या मुलीचा साखरपुडा झाला तो मला भाजीवालीकडून कळला. म्हटलं, तुम्ही आजारी पडलात तेव्हा मला आनंद झाला. मी सोबत यायला तयार झाले ती तुमची दया येऊन नाही. तुम्हाला बरं करतेय ते पुन्हा मातीत घालायला.

सगळं बोलले. मेण केव्हाच थंड झालं होतं.

वन्संच्या डोळ्यांतून पाणी गालांवरून माझ्या बोटावर आलं. जबडा तसूभर हलवला नाही. मी साचे बाहेर काढले. त्यांनी रुमालानं तोंड पुसलं आणि विचारलं, "चावा बरोबर आलाय का?"

आला होता. इतका नेमका चावा मला आजवर मिळाला नव्हता. याचा जास्त संताप आला.

२३ मार्च

काल माझ्याकडून घाई झाली. त्यांना सावध केलं. आता त्या तयारी करतील, वकिलासारखी. मीही करीन.

३० मार्च

कवळी बसवली. पुढचे दात थोडे पुढे-मागे ठेवलेत, एकाला कडेला किंचित झिजवलंय, वयाला शोभेल असा. वन्संनी आरशात पाहिलं आणि 'सासूबाईंची शस्त्रक्रिया सशस्त्र शिपायांसमोर' असलं काहीतरी म्हणून दाखवलं, शाळेत पोरांकडून म्हणवून घ्यायच्या ते. एक अक्षर अडखळलं नाही. भाऊजींच्या मुलीचं लग्न एप्रिलच्या शेवटी आहे, वन्संना पत्रिका आलीय. सगळं घराणं एका हॉलमध्ये. मी तारीख मनात पक्की केली. तिथेच वदवून घेणार, जेवणाच्या आधी.

५ एप्रिल

माझ्या तोंडचा घास काढून घेतला बयेनं.

दुपारी काम करत होते, फोन टिंग टिंग वाजायला लागला. भाच्याचा निरोप, मामी, ऐकलंत का? सोबत एक आवाजाची फीत. वन्संनी घराण्याच्या ग्रुपवर टाकलेली. त्या ग्रुपवर मी नाही, कधीच नव्हते.

ऐकली. मुख्याध्यापिकेचा आवाज. श आणि स लख्ख. "माझा भाऊ गेला त्या दिवशी त्यानं मला फोन केला नव्हता. मी खोटं सांगितलं. त्यानं बायकोबद्दल कधीही वाईट शब्द काढला नाही. महिनाभर आमचा अबोला होता, दोष माझा होता. तो माझ्याशी न बोलता गेला, हे मला चारचौघांत सांगवेना. म्हणून फोन केला म्हटलं. मग लोकांनी विचारलं, काय म्हणाला, आणि मला काहीतरी सांगावं लागलं. वहिनीचा संसार मी तेव्हा मोडला, उरलेला. हे मी पूर्ण शुद्धीवर बोलतेय. आज औषध घेतलेलं नाही."

शेवटची दोन वाक्यं कोणासाठी घातली ते मला कळलं. म्हणजे गाडीतलं त्यांना ऐकू गेलं होतं.

मी तशीच गाडी काढून त्यांच्या घरी गेले आणि भांडले. म्हटलं, हे मी करायचं होतं. हॉलमध्ये. सगळ्यांची तोंडं बघत. तुम्हाला कोणी सांगितलं आगाऊपणा करायला? त्या वाटाणे सोलत होत्या. म्हणाल्या, तू लग्नापर्यंत थांबणार, आणि तोपर्यंत मला धीर राहिला नसता तर?

मी पण दोन शेंगा सोलल्या, उभ्या उभ्या. गाडीतलं रेकॉर्डिंग घरी येऊन पुसलं. आता त्याचा उपयोग काय.

झोप येत नाही असं नाही, पण रिकामं वाटतंय. नऊ वर्षं रोज एक काम होतं, ते संपलं.

८ एप्रिल

थोरल्या भाऊजींचा फोन. नऊ वर्षांनी त्यांनाही माझा नंबर सापडला. म्हणाले, सगळा उलगडा झाला, सुंठीवाचून खोकला गेला. ताईला आम्ही ग्रुपमधून काढून टाकलंय. लग्नालाही येऊ नको म्हणून कळवलं. अशा बाईचं तोंड कोण बघणार. तू मात्र नक्की ये, पहिल्या रांगेत तुझी खुर्ची.

चूक झाली, असं त्यांच्या तोंडून एकदाही निघालं नाही. आमच्याकडून विश्वास ठेवला गेला, असं काहीसं म्हणाले. जसा विश्वास पावसात भिजायला बाहेर ठेवला होता.

मला वाटलं होतं हा फोन आला की मी पेढे वाटीन. फोन कानाला धरून मी खिडकीबाहेर बघत होते आणि अंगात काहीतरी जुनं, ओळखीचं तापत होतं. रिकामं वाटत होतं ते गेलं.

मी म्हटलं, येईन हं भाऊजी. नक्की येईन.

१२ एप्रिल

वन्सं दोन दिवस पुन्हा अंथरुणात. जेवल्या नाहीत. थेरपिस्ट म्हणाली, असं होतं, वाट सरळ नसते, आधार लागतो, घरच्यांनी तोडलं तर जखम उघडते. एक डोस अलीकडे घेऊ. मी विचारलं, लग्नाला नेता येईल का? तिनं आधी वन्संना विचारायला सांगितलं.

विचारलं. भिंतीकडे तोंड करून म्हणाल्या, मला नको म्हटलंय त्यांनी, मला जमणार नाही. मी म्हटलं, जमणार आहे. तुम्ही माझ्या शेजारी बसायचं, पहिल्या रांगेत, आणि पोटभर जेवायचं. बाकी मी बघते. मग त्यांनी विचारलं, कोणती साडी?

२८ एप्रिल

लग्न. आत्ताच आलो, लिहून टाकते.

दोघी एकत्र आत शिरलो. वन्संच्या दंडाला मी धरलं होतं, बोटं रुतली असतील माझी. हॉलमधली बडबड आमच्यापाशी येऊन थांबायची आणि आम्ही पुढे गेलो की मागे सुरू व्हायची. पहिल्या रांगेत माझ्या एकटीची खुर्ची होती. शेजारी जावेचे भाऊ बसले होते, त्यांना म्हटलं, उठा. उठले.

भाऊजी आले, हसू चिकटवलेलं, आणि मला बाजूला चलायला म्हणाले. मी म्हटलं, इथेच बोला. हळूच म्हणाले, हिला कशाला आणलंस? हिनं तुझं काय केलं ते विसरलीस?

मी आवाज चढवला नाही. नऊ वर्षं वाट बघितलेलं वाक्य वेगळंच होतं, पण हे आलं. म्हटलं, "विसरले नाही, भाऊजी. ह्या एकदा खोटं बोलल्या. तुम्ही ते नऊ वर्षं खरं धरलंत, आणि मला एकदा येऊन विचारलं नाहीत. ह्यांच्यावर रागवायचा हक्क माझा एकटीचा आहे. तुमचा नाही. तुमच्यावर रागवायचा हक्क आम्हा दोघींचा."

आजूबाजूच्या चार रांगांनी ऐकलं. जाऊबाई पदराशी चाळा करत राहिल्या. भाऊजींच्या मानेवर घाम आला, तो मी नीट पाहिला, घाई न करता. मग आम्ही जेवलो. वन्संनी दोनदा वाढून घेतलं. कोणी आमच्याशी बोललं नाही, कोणी उठून जाऊ शकलं नाही, मुलीचंच लग्न ना. इतकं चविष्ट जेवण मी वर्षानुवर्षं जेवले नव्हते.

परत येताना वन्सं पुढच्या सीटवर होत्या. मग विचारलं, माझ्यावरचा राग गेला का?

मी खरं ते सांगितलं. नाही.

"बरं झालं," म्हणाल्या. "गेला असता तर तू यायची बंद झाली असतीस."

गुरुवारी डोस आहे, दहाला निघायचं, तेवढं त्यांना उतरवताना सांगितलं.